सवलतीचा नकाशा

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा (आजचा रायगड) मतदारसंघाने लोकसभेवर निवडून दिलेला उमेदवार त्या वेळी देशाचा अर्थमंत्री होता. चिंतामणराव देशमुखांचे घराणे रोह्याचे, जन्म महाडजवळच्या नाते गावी, १८९६ चा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. करांच्या इतिहासात मात्र त्यांची आठवण वेगळ्या कारणाने ठेवावी लागते. १९५३ मध्ये त्यांनी मृताच्या मालमत्तेवरची इस्टेट ड्यूटी आणली. त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली कर चौकशी आयोग नेमला आणि १९५५ मध्ये यंत्रसामग्रीवरची ‘विकास सूट’ सुरू केली. कारखान्याने नवे यंत्र बसवले की किमतीच्या २५ टक्के रक्कम नफ्यातून वजा करायची आणि घसारा पुन्हा पूर्ण किमतीवर घ्यायचा. १०० रुपयांच्या यंत्रावर एकूण १२५ रुपयांची वजावट. नव्या कारखान्यांच्या नफ्याला काही वर्षे माफी देणारे कलम तर १९४९ पासूनच होते. म्हणजे स्वराज्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांतच प्राप्तिकर कायद्याच्या गळ्यात दोन कामे पडली. एक, पैसा गोळा करणे. दुसरे, लोकांनी पैसा कुठे, केव्हा आणि कशात घालावा हे सुचवणे.

कंपन्या कर कसा वाचवतात याची चर्चा निघाली की आपल्याकडे तीन कारणे सांगितली जातात: मालकाची दानत, सी.ए.ची हुशारी आणि कराच्या दराचा चटका. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही दुय्यम आहेत. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा औद्योगिक इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. कंपनीच्या करनियोजनाचा आराखडा आधी सरकार काढते. कोणत्या तालुक्याला सवलत, कोणत्या तारखेपर्यंत, किती कामगार असले म्हणजे कारखाना, किती जुनी यंत्रे चालतील, या रेषा कायदा आखतो. कंपनी त्या रेषांना लागून आपला प्लॉट, आपली तारीख आणि आपले हिशेब मांडते. दानत आणि हुशारी यांचा संबंध येतो तो रेषेच्या किती जवळून चालायचे एवढ्यापुरताच.

हे नवे का आहे, ते कळण्यासाठी आधीचा कर पाहायला हवा. धरमतरच्या खाडीकाठी पेणची मिठागरे आहेत, आणि इंग्रजी अमलात या भागाने जो कर सर्वांत जवळून पाहिला तो मिठावरचा. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मणामागे आठ आणे कर बसला. पुढे तो चढत गेला, १८७८ च्या सुमारास अडीच रुपयांवर पोहोचला, १९०७ मध्ये एक रुपयावर उतरला, १९२३ मध्ये पुन्हा अडीच आणि दुसऱ्याच वर्षी सव्वा. या कराची रचना साधी होती: मीठ आगरातून बाहेर पडताना मोजायचे आणि तिथेच पैसे घ्यायचे. त्यासाठी पहारे, नाके आणि परवाने होते. विखुरलेल्या लहान आगरांवर पहारा परवडत नाही म्हणून इलाख्यात अशी कित्येक आगरे सरकारने बंदच करून टाकली. हा कर टाळण्याचा एकच मार्ग होता, रात्री पोती पळवणे, आणि तो सरळ गुन्हा होता. आगर उचलून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नव्हते, मिठाची तारीख बदलता येत नव्हती, गेल्या वर्षीच्या पावसाने बुडवलेले आगर यंदाच्या मिठातून वजा होत नव्हते. कंपनीच्या नफ्याचे तसे नाही. नफा म्हणजे हिशेबाअंती उरणारी रक्कम. तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या शेडचा, कोणत्या कंपनीचा, हे काही प्रमाणात कागदावर ठरते. १ एप्रिल १९४७ ला मिठावरचा कर गेला आणि पुढच्या पिढीत याच टापूत नफ्यावरच्या सवलती आल्या.

रोह्याची गोष्ट तिथून सुरू होते. सत्तरच्या दशकात कुंडलिकेकाठी धाटावला एमआयडीसी वसली आणि सुदर्शन, एक्सेल अशा रसायन कंपन्यांचे कारखाने तिथे उभे राहिले. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, प्राप्तिकर कायद्यात कलम ८० एचएच आले. मागास भागात नवा कारखाना काढला तर दहा वर्षे नफ्याचा पाचवा हिस्सा करातून वजा. महाराष्ट्रातल्या मागास जिल्ह्यांच्या यादीत मराठवाडा होता, विदर्भ-खानदेशातले जिल्हे होते, रत्नागिरी होती आणि कुलाबाही होता. मुंबईच्या बंदरासमोर पलीकडच्या किनाऱ्यावर असलेला जिल्हा दिल्लीच्या यादीत चंद्रपूरच्या रांगेत बसला, यात कोणाला विनोद दिसला असेल तर तो कारखानदारांना नक्कीच दिसला. कंपन्यांवर तेव्हा ५७.७५ टक्के कर होता. १०० रुपये नफ्यातले २० वगळले की साडेअकरा रुपये सुटत. पण खरी गंमत कलमाच्या अटींत होती. कारखाना जुन्या धंद्याचे तुकडे करून उभारलेला नसावा. दुसरीकडे वापरलेली यंत्रे एकूण किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त नसावीत. वीज वापरत असाल तर किमान दहा कामगार, नसाल तर वीस. उत्पादन ३१ डिसेंबर १९७० नंतर सुरू झालेले असावे. पुढची हद्द १९९० च्या मार्चअखेरची.

या चार अटींतून एक अख्खे व्यवहारशास्त्र जन्माला आले. जुन्या कारखान्याशेजारी नवी शेड बांधायची की नवी कंपनी काढायची? विजेचे मीटर वेगळे, हजेरीपट वेगळा, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. नाहीतर ‘हा विस्तार आहे, नवा कारखाना नव्हे’ असे अधिकारी म्हणणार. जुना रिॲक्टर नव्या शेडमध्ये न्यायचा तर त्याची किंमत २० टक्क्यांत बसते का, हे इंजिनिअरच्या आधी हिशेबनीस पाहणार. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये टेक्स्टाइल मशिनरी कॉर्पोरेशनच्या खटल्यात आणि १९९२ मध्ये बजाज टेम्पोच्या खटल्यात कारखानदारांना अनुकूल असा उदार अर्थ लावला, तेव्हा रेषेची जाडी ठरली. लहान कारखान्यांच्या बाबतीत हीच कथा अबकारीत घडली. ठरावीक उलाढालीपर्यंत अबकारी माफ, म्हणून एकाच कुटुंबाच्या दोन शेड दोन नावांनी. आणि त्या एकत्र मोजण्याला खात्यात ‘क्लबिंग’ म्हणत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कारखाने रोह्याला आले ते पाण्यासाठी, मुंबईच्या सान्निध्यासाठी आणि मुंबईत नव्या कारखान्यांवर निर्बंध आले म्हणून. करसवलत ही वरची साय. पाण्याचे म्हणणे खोटे नाही. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून टाटांच्या भिरा वीजकेंद्रात येते आणि तिथून कुंडलिकेत सोडले जाते. कोकणातल्या इतर नद्या मार्चनंतर आटतात तेव्हाही ही नदी वाहत असते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचेच पाणी पुढे रसायनांना मिळाले. पण पाणी आणि जवळीक ही कारणे कारखाना साधारण कुठे यावा हे सांगतात. तो एका कंपनीच्या नावावर यावा की दोन, मार्चआधी सुरू व्हावा की नंतर, जुना माल कुठे दाखवावा, हे पाणी सांगत नाही. शिवाय एकसारख्या दोन जागांत निवड करताना पारडे झुकवायला थोडासा भारही पुरतो, आणि साडेअकरा टक्के हा थोडासा भार नव्हे.

राज्य सरकारचा नकाशा याहून बारीक होता. १९६४ पासून महाराष्ट्रात उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना निघत आल्या. १९७९, १९८३, १९८८, १९९३ अशा त्यांच्या आवृत्त्या. त्यांत तालुक्यागणिक वर्ग होते, आणि जितका मागास वर्ग तितकी जास्त सवलत. मुख्य आमिष विक्रीकराचे. एक तर विक्रीकर माफ, नाहीतर तो गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, स्वतःजवळ ठेवायचा आणि दहा-बारा वर्षांनी हप्त्यांनी सरकारला भरायचा, बिनव्याजी. केंद्राची सवलत नफ्यावर, राज्याची विक्रीवर. या एका फरकाने कंपन्यांचे वागणे दोन तऱ्हांचे झाले. ज्याला पहिली काही वर्षे तोटाच होणार, त्याला ८० एचएच म्हणजे कागदावरची मेजवानी. त्याला विक्रीकराची स्थगिती हवी, कारण माल विकला की पैसा हाती. कर्जाने उभारलेल्या कारखान्याला व्याजाची वजावट आधीच भरपूर मिळत असते, म्हणून तो नफ्यावरच्या माफीमागे धावत नाही. एकाच वसाहतीत शेजारी शेजारी असलेल्या दोन कंपन्या वेगवेगळ्या का वागतात, याचे उत्तर मालकांच्या स्वभावाआधी त्यांच्या ताळेबंदात शोधावे.

‘स्थगिती म्हणजे काही माफी नव्हे, पैसे शेवटी सरकारला मिळतातच,’ असे त्या योजनांचे समर्थक म्हणत. बारा वर्षांनी द्यायच्या १०० रुपयांची आजची किंमत १५ टक्के व्याजाने १९ रुपयेही भरत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. पुढे राज्याने स्वतःच हे गणित मान्य केले आणि आजच्या किमतीइतकी रक्कम आधी भरली तर सगळे देणे फिटले असे धरायचे ठरवले. महाराष्ट्रातल्या सुल्झर इंडिया या कंपनीने गिऱ्हाइकांकडून गोळा केलेला सुमारे ७ कोटी ५२ लाखांचा विक्रीकर अशा रीतीने ३ कोटी ३७ लाख भरून चुकता केला. उरलेले सुमारे ४ कोटी १५ लाख उत्पन्न धरावे, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते फेटाळले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपन्यांचीच बाजू घेतली. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. गिऱ्हाइकाने मात्र बिलात लिहिलेला कर पुरेपूर भरला होता.

रायगड जिल्ह्यातलाच (कुलाब्याचे हे नाव १९८१ पासूनचे) दुसरा खटला जास्त गाजला. रिलायन्सचा पॉलिएस्टर कारखाना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाताळगंगेला उभा राहिला आणि १९७९ च्या योजनेखाली त्याला विक्रीकराची सवलत मिळाली. ही सवलत उत्पन्न की भांडवल? कंपनीचे म्हणणे असे की सरकारने ती मागास भागात कारखाना उभारावा म्हणून दिली, धंदा चालावा म्हणून नव्हे; म्हणून ती भांडवली आणि तिच्यावर प्राप्तिकर नाही. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या विशेष पीठाने हे मान्य केले. एका सरकारने दिलेल्या सवलतीवर दुसऱ्या सरकारची सवलत चढली. २०१५ मध्ये संसदेने कायदा बदलून अशा जवळजवळ सगळ्या अनुदानांना उत्पन्न ठरवले, पण तोवर तीन दशके गेली होती.

सवलतींवर सवलती चढत गेल्याने ऐंशीच्या दशकात भरघोस नफा दाखवणाऱ्या, लाभांश वाटणाऱ्या आणि कर मात्र शून्य भरणाऱ्या कंपन्या दिसू लागल्या. १९८३ मध्ये सरकारने वजावटींना ७० टक्क्यांची मर्यादा घातली. ती अपुरी पडली, म्हणून १९८७ च्या अर्थसंकल्पात, जो पंतप्रधान राजीव गांधींनी स्वतः मांडला, भागधारकांना दाखवलेल्या नफ्याच्या ३० टक्के रकमेवर तरी कर द्यावाच लागेल असे कलम आले. मध्यंतरी ते गेले आणि १९९६ मध्ये ‘मॅट’ म्हणून परत आले. या बदलाचा परिणाम मला सर्वांत बोलका वाटतो. कंपन्यांनी कर वाचवणे सोडले नाही, वाचवण्याची जागा बदलली. आतापर्यंत प्राप्तिकराचा हिशेब वेगळा आणि भागधारकांचा वेगळा होता. आता भागधारकांच्या ताळेबंदातला घसाराही कराच्या दृष्टीने पाहिला जाऊ लागला. कंपनी कायद्याप्रमाणे केलेल्या आणि लेखापरीक्षकांनी प्रमाणित केलेल्या हिशेबाच्या मागे अधिकाऱ्याला जाता येणार नाही, असे २००२ मध्ये अपोलो टायर्सच्या खटल्यात ठरले. अर्थात इथे एक नैसर्गिक लगामही होता. नफा कमी दाखवला की बँक कर्ज देताना कुरकुरते आणि शेअर पडतो. शेअर बाजारात नसलेल्या घरगुती कंपनीला हा लगाम फारसा नाही.

परदेशी मालकीच्या कंपन्यांचे गणित आणखी वेगळे. भारताने माफ केलेला कर मायदेशी वसूल होणार असेल तर माफीचा फायदा कंपनीला न होता त्या देशाच्या तिजोरीला होतो. म्हणून काही देशांनी भारताशी केलेल्या करारांत ‘माफ केलेला कर भरला असे समजू’ अशी तरतूद ठेवली. अमेरिकेने १९८९ च्या करारात ती ठेवली नाही. कारखाना एकाच गावात, कलम तेच, पण मुख्य कचेरी कोणत्या देशात यावरून सवलतीची किंमत बदलते.

दुसरा आक्षेप कायद्याचा. सवलत घेणे म्हणजे कर टाळणे नव्हे. दिलेले घेतले, यात गैर काय? न्यायालयांची भूमिका या प्रश्नावर हेलकावे खात आली. १९६७ मध्ये ए. रामन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की कायद्याच्या चौकटीत व्यवहाराची रचना करून कर टाळायला मनाई नाही. १९८५ मध्ये मॅकडॉवेलच्या निकालात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी अशा क्लृप्त्यांना झोडपले. २००३ मध्ये मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीच्या खटल्यात आणि २०१२ मध्ये व्होडाफोनच्या निकालात तराजू पुन्हा कंपन्यांकडे झुकला. १ एप्रिल २०१७ पासून करचलाखीविरोधी सर्वसाधारण नियम लागू झाले. पण नियोजन आणि चलाखी यांतले अंतर पाहायला व्होडाफोनच्या व्यवहारातल्या केमन बेटांपर्यंत जायला नको; ते एका कुंपणाच्या आत दिसते. एकाच कंपनीची एक शेड माफीची, दुसरी करपात्र. करपात्र शेडने आपला कच्चा माल माफीच्या शेडला स्वस्त विकला की नफा सरकला. ट्रक हलला नाही, फक्त बिलातला दर बदलला. म्हणून कायद्याने बाजारभाव धरायचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. ही चलाखी सवलतीतूनच निघते. दोन्ही शेडना एकच नियम असता तर दर बदलून काहीच हाती लागले नसते.

रोह्यात सवलत कारखान्याला होती. पेणमध्ये ती जमिनीला द्यायचे ठरले. त्याआधी पेणमधलाच डोलवीचा पोलाद कारखाना पाहू. धरमतरच्या खाडीवरची इस्पात इंडस्ट्रीज तोट्याने बेजार झाली, २०१० च्या डिसेंबरात जिंदालांच्या जेएसडब्ल्यूने तिची सूत्रे घ्यायचे ठरवले आणि २०१३ मध्ये ती जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीन झाली. बंदराची सोय, मुंबई-पुण्याची बाजारपेठ ही कारणे होतीच. पण कलम ७२ अ प्रमाणे विलीन होणाऱ्या औद्योगिक कंपनीचा साचलेला तोटा नफ्यातल्या कंपनीला वापरता येतो, पाच वर्षे धंदा चालू ठेवण्याच्या अटीवर. मिठागराच्या मालकाला जे कधी करता आले नसते ते इथे कायद्यानेच शक्य केले.

विशेष आर्थिक क्षेत्राचा (सेझ) कायदा १० फेब्रुवारी २००६ ला लागू झाला. पहिली पाच वर्षे निर्यातीच्या नफ्यावर पूर्ण माफी, पुढची पाच निम्मी, त्यापुढे पुन्हा गुंतवलेल्या नफ्यावर. विकासकाला दहा वर्षे वेगळी माफी. आणि मॅटही नव्हता. पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ४५ गावांची जमीन रिलायन्सप्रणीत महामुंबई सेझसाठी जाणार होती. शेतकऱ्यांनी प्रा. एन. डी. पाटील प्रभृतींच्या नेतृत्वाखाली विरोध केला, आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला जनमत घ्यावे लागले. कौल विरोधात गेला. भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला. या लढ्याकडे जमीन आणि विस्थापन यांच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले. कराच्या अंगाने कमी. करमाफी जमिनीला चिकटली की ती जमिनीच्या किमतीत उतरते. भातखाचर म्हणून घेतलेला एकर दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांच्या माफीचा एकर होतो. हा फरक शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात नव्हता. त्याचे शेतीचे उत्पन्न आधीच करमुक्त. त्याला माफीचा उपयोग शून्य आणि तिची किंमत मागण्याची सोयही शून्य.

सेझला कंपन्या आल्या त्या रस्ते-बंदरांसाठी, करासाठी नव्हे, असे तेव्हा ठासून सांगितले जाई. हे तपासायची संधी लवकरच आली. २०११ च्या अर्थसंकल्पाने सेझवर मॅट बसवला, आणि त्यानंतर मंजुऱ्या परत करणारे विकासक देशभर दिसू लागले. रस्ते तेच होते, बंदरे तीच. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात सेझना दिलेल्या करसवलती महालेखापरीक्षकांनी ८३,१०४ कोटी रुपयांच्या सांगितल्या, आणि अधिसूचित जमिनीतली कितीतरी जमीन तोवर पडूनच होती.

राहता राहिला दानतीचा आक्षेप. प्रामाणिक घराणी आहेत, लबाड घराणी आहेत. सगळे कायद्यावर ढकलले तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? ती उरते, आणि खोट्या बिलांना कुठलीच रेषा माफ करत नाही. पण १९८६ मध्ये प्राप्तिकराच्या वजावटी शोधणारी कंपनी १९८८ मध्ये ताळेबंदातला घसारा चाळू लागते आणि २००६ मध्ये सेझचा अर्ज भरते, तेव्हा बदललेली असते ती दरवर्षीच्या वित्त कायद्यातली रेषा. मालकांचे संस्कार दर फेब्रुवारीत बदलत नाहीत. २० सप्टेंबर २०१९ ला सरकारने नवा सौदा पुढे ठेवला: सगळ्या सवलती सोडा आणि २२ टक्के कर भरा. नियोजन तरीही थांबले नाही. जमा असलेली मॅटची वजावट आधी संपवायची की लगेच नव्या दरात जायचे, हा वर्ष निवडण्याचा हिशेब लगेच सुरू झाला. नव्या उत्पादक कंपन्यांना तर १५ टक्केच, फक्त उत्पादन ३१ मार्च २०२३ पर्यंत सुरू व्हायला हवे होते. ती तारीख पुढे वर्षभराने वाढली. कलम ११५ बीएबी वाचत गेले की अटी लागतात: कंपनी जुन्या धंद्याचे तुकडे करून काढलेली नसावी, आणि वापरलेली यंत्रे एकूण किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त नसावीत.